पेजमेकर, इनडिझाइन आणि एक सोळा पानी फर्मा : नव्या सॉफ्टवेअरने काम खरंच लवकर होतं का?

जुळारी | सोमवार, रात्री १०.४०

मंडळी, कसब्यात माझं छोटं डीटीपी सेंटर आहे, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावून देण्याचं. १९९३ साली खिळे जुळवणाऱ्या छापखान्यात उमेदवारी केली, १९९६ला कॉम्प्युटरवर आलो. म्हणजे शिशाचे खिळे, मग पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर पेजमेकर आणि आताचं इनडिझाइन अशी या धंद्यातली तीन राज्यं पाहून झाली.

मध्यंतरी नव्या मशीनला अपडेट आला आणि ते सदतीस मिनिटं ‘बंद करू नका’ म्हणत बसलं. दिवाळी अंकाचे संपादक समोर चहा घेत बसलेले. शेवटी कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवरचं प्लास्टिक काढलं. विंडोज ९८, पेजमेकर ६.५, श्रीलिपी हे मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर आणि मागे प्रिंटरच्या पोर्टात खोचलेलं त्याचं लॉक. दीड मिनिटात सगळं तयार. कथा आमच्याच ऑपरेटरने जुन्या पद्धतीने कंपोज केलेली होती. मॅटर ओतलं, कंट्रोल-टी, कंट्रोल-एम, दोन कॉलम, शीर्षक, लेखकाचं नाव. माउसला हात जवळजवळ लागलाच नाही. नव्या मशीनचं बस्तान बसेपर्यंत सहा पानं लागली होती. संपादक म्हणाले, “मग तुम्ही ते नवीन घेतलंत कशाला?”

प्रश्न डोक्यात बसला. आठवडाभर वही ठेवली. सोळा पानी फर्म्याचं (एका मोठ्या कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या सोळा पानांचं) मॅटर हातात आल्यापासून फाइल छापखान्याला जाईपर्यंत किती वेळ लागतो ते टिपलं. मग १९९९ची जॉब-डायरी माळ्यावरून काढली. तेव्हा पावणेदोन दिवस. आता? पावणेदोन दिवस.

पान लावायचा वेळ निम्म्यावर आलाय, हे कबूल. ट्रेसिंग (छपाईसाठी पारदर्शक कागदावर काढलेली पानं) काढून, गुंडाळी करून सायकलवर छापखान्यात नेण्याचा अर्धा दिवस तर शून्यावर आला. मग वाचलेला वेळ गेला कुठे? अनुभव सांगा.

खतावणी | सोमवार, रात्री ११.१५

इचलकरंजीहून नमस्कार. मी हिशेब लिहितो. टॅली डॉसवर होतं तेव्हापासून त्यावर आहे.

आमच्याकडे एक बरं झालं, कळा बदलल्या नाहीत. एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ८ सेल्स, एफ९ पर्चेस. २०२०मध्ये टॅलीप्राइम ही नवी आवृत्ती आली, पडदा पार बदलला, पण बोटांना काही नवीन शिकावं लागलं नाही. जुना माणूस आजही पडद्याकडे न बघता व्हाउचर मारतो. तेव्हा ‘नवं म्हणजे हळू’ असं सरसकट म्हणू नका. ज्याने बोटांची सवय मोडली ते हळू.

पण तुमच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर तेच आहे. पूर्वी यंत्रमागवाले शेठ वर्षातून एकदा पिशवीभर बिलं घेऊन यायचे. जुलै २०१७पासून जीएसटी. दर महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ हे विक्रीचं विवरणपत्र, २०ला जीएसटीआर-३बी हे कर भरण्याचं. पाच कोटींवर उलाढाल असेल तर ऑगस्ट २०२३पासून प्रत्येक व्यापारी बिलाला ई-इन्व्हॉइस, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवायचं. एका बिलामागचा माझा वेळ घटला, पण एका गिऱ्हाइकामागचा वाढला. सॉफ्टवेअर इतकं चटपटीत नसतं तर सरकारने महिन्याला दोन-दोन विवरणपत्रं मागितलीच नसती, असं माझं मत. घोडा पळतो म्हटल्यावर लोक गाव लांब बांधतात.

अवचट | सोमवार, रात्री ११.३१

शेवटच्या वाक्यासाठी +१.

बे एरियातला बाळू | मंगळवार, सकाळी ७.०५

जुळारीकाका, तुमच्या वहीत जे दिसलं त्यावर अर्थतज्ज्ञांनी बरीच शाई खर्च केली आहे. रॉबर्ट सोलो यांनी १९८७मध्येच लिहिलं होतं की संगणक सगळीकडे दिसतात, दिसत नाहीत ते फक्त उत्पादकतेच्या आकडेवारीत. त्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं (कारण वेगळं). पुढे १९९५च्या सुमारास अमेरिकेत उत्पादकतेने वेग घेतला, दहाएक वर्षं टिकला आणि पुन्हा मंदावला.

पॉल डेव्हिड यांनी १९९०मध्ये याची तुलना विजेशी केली. ती मला फार पटते. एडिसनचं न्यूयॉर्कमधलं वीजकेंद्र १८८२चं. पण कारखान्यांना विजेचा खरा फायदा दिसला १९२०च्या दशकात. मधली चाळीस वर्षं काय झालं? कारखानदारांनी वाफेचं इंजिन काढून तिथे एक मोठी मोटर बसवली आणि छताखालचा, सगळी यंत्रं फिरवणारा लांबलचक दांडा, त्यावरचे पट्टे, सगळं तसंच ठेवलं. प्रत्येक यंत्राला स्वतःची छोटी मोटर लागली, एकावर एक मजले सोडून कारखाना आडवा पसरला, तेव्हा कुठे फरक पडला.

मी स्वतः सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे आमच्या जमातीचा गुन्हाही कबूल करतो. पास्कल भाषेचे जनक निकलाउस वर्थ यांनी १९९५मध्ये तक्रार केली होती की हार्डवेअर जितक्या झपाट्याने वेगवान होतं, त्याहून झपाट्याने सॉफ्टवेअर संथ होतं. तीस वर्षं झाली, आम्ही त्यांना खोटं पाडलेलं नाही.

अवचट | मंगळवार, सकाळी ७.४८

बाळू, म्हणजे काकांनी दांडा-पट्टा तसाच ठेवलाय असं म्हणायचंय का तुला? स्पष्ट बोल की.

बे एरियातला बाळू | मंगळवार, सकाळी ७.५२

मी काही म्हणत नाहीये. वडीलधारे आहेत.

पासबुक | मंगळवार, दुपारी १२.२०

सहकारी बँकेत चौतीस वर्षं काढून निवृत्त झालो. या धाग्यावर जुन्याचं कौतुक फार होतंय, म्हणून लिहितो.

हातखतावणीच्या काळात दर महिन्याला बचत खात्यांचं बॅलन्सिंग असायचं. सगळ्या खात्यांची बेरीज जनरल लेजरशी, म्हणजे बँकेच्या मुख्य खतावणीशी, जुळली पाहिजे. जुळायची नाही. एकदा सत्तावीस रुपयांचा फरक. पहिला नियम, फरकाला नऊने भागा. भाग गेला तर कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत, ५८चे ८५ केलेत. भाग गेला, म्हणून सगळे आकड्यांची उलटापालट शोधायला बसलो. रात्री पावणेदहापर्यंत शोधलं. शेवटी सापडलं ते वेगळंच. साडेतेरा रुपयांचं व्याज जमेला टाकायच्या ऐवजी नावे टाकलं होतं. रक्कम उलट्या बाजूला पडली की फरक दुप्पट येतो, म्हणून फरकाला दोननेही भागून बघायचं असतं, ते घाईत कुणी केलंच नव्हतं. बायकोने दुसऱ्या दिवशी डबा दिला नाही.

नंतर लेजर पोस्टिंगची मशीनं आली. काळा पडदा, हिरवी अक्षरं. त्यावर आमची एक सहकारी अशी काही चालायची की काउंटरपलीकडच्या माणसाला वाटावं बाई पेटी वाजवताहेत. खाते क्रमांक, एंटर, रक्कम, एंटर, एंटर. मग कोअर बँकिंग आलं, सगळ्या शाखा एकाच संगणक-यंत्रणेला जोडल्या गेल्या. माउस आला, खिडकीत खिडकी आली, आणि त्याच बाई एका नोंदीला तिप्पट वेळ घ्यायला लागल्या. रडल्या होत्या त्या, खरं सांगतो.

पण त्या रात्रीचे ते सत्तावीस रुपये पुन्हा कधी शोधावे लागले नाहीत. बाहेरगावचा चेक वटायला दोन-तीन आठवडे लागायचे, ते संपलं. खातेदार कुठल्याही शाखेत जायला लागला. काउंटरवरच्या बाईंचा वेग गेला आणि बँकेचा वाढला. दोन्ही खरं आहे, आणि बाईंना त्याबद्दल कुणी ‘थँक यू’ म्हटलं नाही, हेही खरं आहे.

जुळारी | मंगळवार, दुपारी २.१०

पासबुकसाहेब, छान लिहिलंत. नऊचा नियम माहीतच नव्हता.

गाडीतळ | मंगळवार, दुपारी ३.३५

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होतो. फॉक्सप्रो २.६मध्ये लिहिलेलं सॉफ्टवेअर, डॉसवर. ट्रॅक्टर काट्यावर चढला की भरलेलं वजन, उतरताना रिकामं वजन, वजाबाकी, पावती. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर कर्रकर्र करून पावती देणार, ड्रायव्हर खिडकीतून हात घालून ओढून घेणार. हंगामात रात्रंदिवस, धूळ आणि मळीच्या वासात. ते सॉफ्टवेअर कधी अडलं नाही.

मग नवीन आलं, इंटरनेटवर चालणारं. मुंबईत बसून चेअरमनना किती टन आलं ते दिसायला लागलं. पहिल्याच महिन्यात नेट गेलं. गाड्यांची रांग फाट्यापर्यंत. ऊस वाळतोय, बैलं उभी, तोडणीवाले शिव्या घालतायत. आम्ही कोऱ्या कागदावर कार्बन घालून पावत्या लिहिल्या.

म्हणजे चेअरमनची उत्पादकता वाढली. बैलाची घटली.

एक मात्र सांगितलं पाहिजे. ते जुनं सॉफ्टवेअर ज्याने लिहिलं तो एकटाच माणूस होता. वाहतुकीचा दर बदलला तरी त्यालाच बोलवायला लागायचं, आणि तो दुसऱ्या कारखान्यावर असायचा. दोन हजार साल आलं तेव्हा तारखांचा घोळ निस्तरायला आठवडाभर आमच्या गेस्ट हाउसला राहून कोंबडी खाऊन गेला.

खडूफळा | मंगळवार, सायंकाळी ६.००

प्राथमिक शिक्षक. हजेरी आधी कागदावर घ्यायचो. आता कागदावर घेतो, मग ॲपवर घेतो, मग ॲपवर घेतल्याचा फोटो ग्रुपवर टाकतो. माझं मत मोजायचं असेल तर यातून मोजा.

अक्षरवेडी | मंगळवार, रात्री ९.२५

जुळारीकाका, रागावू नका, पण मी तुमच्याच धंद्यातली आहे. वय २७, इनडिझाइनवरच शिकले. तुमच्या पोस्टमध्ये सहा पानं अर्ध्या तासात लावल्याचं आहे, पण पुढे त्या सहा पानांचं काय झालं ते नाही. मी सांगू? ती नव्या फाइलमध्ये आणता आली नसतील. पुन्हा लावली असतील.

श्री-देव-०७१४ या श्रीलिपीच्या फॉन्टमधलं मॅटर म्हणजे आतून इंग्रजी अक्षरांचा कचरा. फॉन्ट आहे तोवर मराठी, फॉन्ट गेला की निव्वळ गिचमिड. मागच्या वर्षी एका लेखिकेच्या २००१च्या पुस्तकाची नवी आवृत्ती माझ्याकडे आली. सीडी होती, फाइल होती, फॉन्ट नव्हता. तीनशे बारा पानं पुन्हा टाइप करून घेतली. तुमच्या वहीत २००१ साली ते काम ‘लवकर’ झालं असं लिहिलेलं असणार. त्याची उरलेली मजुरी २०२४मध्ये दुसऱ्याच कुणीतरी भरली.

दुसरं. तुम्ही स्टाइल वापरता का? शीर्षक, मजकूर, उपशीर्षक यांना नावं देऊन ठेवणं? की प्रत्येक शीर्षक निवडून हाताने २४ पॉइंट, ठळक, मध्ये, असं करता? मी पाहिलेले सगळे पेजमेकरवाले काका हाताने करतात. आणि गंमत म्हणजे स्टाइल पेजमेकरमध्येही होत्या!

तिसरं. मराठी मॅटरमध्ये सगळ्यात जास्त घाण कशाची असते? पूर्णविरामाआधी स्पेस, दोन शब्दांत दोन-दोन स्पेस, आणि अपूर्णविरामाच्या जागी विसर्ग. ग्रेपचे, म्हणजे नमुना देऊन मजकूर शोधायच्या इनडिझाइनमधल्या सोयीचे, तीन शोध लिहून ठेवलेत. तीनशे पानं, एक मिनिट. विसर्गाचे तेवढे ‘दुःख’ आणि ‘स्वतः’ सांभाळून एकेक बघते, त्याला दहा मिनिटं. तुम्ही डोळ्याने किती वेळ घ्याल?

अवचट | मंगळवार, रात्री ९.४०

बाळूला जे म्हणायचं नव्हतं ते म्हटलं गेलं. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

जुळारी | मंगळवार, रात्री ११.५५

अक्षरवेडीताई, रागावलो नाही. थोडा वेळ रागावलो होतो, पण जेवून आलो.

सहा पानांचं तुम्ही म्हणता तेच झालं. कन्व्हर्टरमधून काढलं, जोडाक्षरं तपासली, नव्यात पुन्हा लावलं. पाहुण्यासमोर शान मारायला गेलो होतो, झालं.

स्टाइलचंही खरं. हाताने करतो. १९९६ला ज्यांनी शिकवलं त्यांनी तसं शिकवलं, आणि त्यांना कुणीच शिकवलं नव्हतं, ते मॅन्युअल न वाचता शिकले होते.

पण दोन गोष्टी ऐका. एक, तुमचं युनिकोडही (प्रत्येक अक्षराला ठरलेला संकेतांक देणारी नवी पद्धत, फॉन्ट कुठलाही असो) काही सोवळं नाही. गेल्या महिन्यात एका कादंबरीत गावाचं नाव बदलायचं होतं, ‘दऱ्याची वाडी’चं दुसरं काहीतरी. शोधा-बदला केलं. अकरा ठिकाणी होतं, चारच सापडली. बाकीची सात डोळ्यासमोर दिसतायत आणि मशीन म्हणतंय नाहीत. माझा माझ्या डोळ्यांवरचा विश्वास उडायची वेळ आली. शेवटी सातही हाताने केली.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. वही नीट पाहिली तर सगळ्यात मोठा आकडा करेक्शनचा आहे. १९९९ला एका पुस्तकाची दोन प्रुफं जायची, फार तर तीन. आता परवाच्या अंकाच्या अकरा पीडीएफ गेल्या. अकरा! पूर्वी ट्रेसिंग काढली की तिचे पैसे लागायचे, आणि ट्रेसिंगनंतर चूक निघाली तर ती ओळ वेगळी काढून, कापून, दिव्याच्या टेबलावर चिकटवायची. ते चिकटवणं संपादकांनी स्वतः बघितलेलं असायचं, म्हणून प्रूफ बायकापोरांना बाजूला बसवून वाचलं जायचं. आज पीडीएफ फुकट. संपादक फोनवर, गाडीत, एका बोटाने वर सरकवत बघतात. “छान झालंय, पाठवा.” अर्ध्या तासाने व्हॉइस मेसेज. मग दुसरा. मग “आधीचा ऐकू नका.”

पेजमेकरला अन्डू एकाच पायरीचा होता. त्यामुळे हात चालवायच्या आधी डोकं चालवायची सवय होती. आता डोकं नंतर चालतं, माझंसुद्धा.

अक्षरवेडी | बुधवार, सकाळी १०.१०

करेक्शनचं शंभर टक्के मान्य. माझ्या फोल्डरमध्ये ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल शेवटचं’ आणि ‘हेच घ्या’ अशा फाइल आहेत.

‘दऱ्या’चं कोडं सोपं आहे. तो डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एक, खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. दुसरा, साधा र, हलन्त आणि न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, मशीनच्या लेखी दोन वेगळे शब्द. मोबाइलवर टाइप केलेलं मॅटर एक प्रकारचं आणि कॉम्प्युटरवरचं दुसऱ्या प्रकारचं, असं बऱ्याचदा होतं. पुस्तक हातात आलं की सगळ्यात आधी दुसऱ्याचं पहिल्यात बदलून घ्यायचं. वाऱ्यावर, दुसऱ्या, कोपऱ्यात, सगळे एका झटक्यात सरळ होतात. हे कुठल्याही मराठी डीटीपीच्या क्लासमध्ये शिकवत नाहीत, आणि चिडचिड होते ती याचीच.

तसंच तो कंपोजर, म्हणजे अक्षरं ओळीत बसवणारी सोय. इनडिझाइनमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ निवडला नाही तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजव्या हाताला जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात. सीएस ६ या आवृत्तीपासून सोय आहे, तरी लोक अजून जुन्या फॉन्टवर काम करतात, कारण कुणीतरी एकदा ती फुटलेली अक्षरं बघितली आणि “यात मराठी चालत नाही” असं जाहीर केलं.

खतावणी | बुधवार, सकाळी १०.४५

म्हणजे सॉफ्टवेअर नवीन की जुनं यापेक्षा ते शिकायला पगारी वेळ कुणी देतं का, हा प्रश्न आहे. आमच्याकडे उत्तर ‘नाही’.

पासबुक | बुधवार, सकाळी ११.३०

आमच्याकडे दीड दिवस दिला होता. त्यातला अर्धा दिवस उद्घाटन.

बे एरियातला बाळू | बुधवार, रात्री ९.१५

काका, एक प्रयोग करा ना. एकच फर्मा दोन्ही मशीनवर. इनडिझाइनवर अक्षरवेडी सांगतील तशा स्टाइल लावून. घड्याळ लावा. निकाल इथे टाका.

जुळारी | रविवार, दुपारी १.२०

केला. पुतण्याला घड्याळ घेऊन बसवलं होतं, लबाडी नाही.

सोळा पानं, एक ललित लेख आणि दोन कथा, डेमी आकार. जुन्या मशीनवर, नेहमीच्या हाताने, एक तास पन्नास मिनिटं. नव्यावर, अक्षरवेडीताईंनी पाठवलेल्या पद्धतीने, दोन तास पस्तीस. त्यातला पहिला पाऊण तास नुसत्या स्टाइलना नावं देण्यात गेला. पुतण्या म्हणाला, काका जिंकलात.

मग त्याच कारट्याने विचारलं, आकार बदलायला सांगितला तर? पुस्तकांच्या कामात हे होतंच, डेमीचं क्राउन करा, मजकूर अर्धा पॉइंट कमी करा. म्हटलं, करून बघू. जुन्यावर प्रत्येक पान नव्याने लावलं, शीर्षकं एकेक करून लहान केली, तीन ठिकाणी परिच्छेदाची शेवटची ओळ पुढच्या पानावर एकटी पडली ती ओढून आणली. सव्वा तास. नव्यावर पानाचा आकार बदलला, चौकटी सरकवल्या, मजकुराच्या स्टाइलमध्ये एक आकडा बदलला. अकरा मिनिटं, त्यातही चार मिनिटं मी अविश्वासाने पानं उलटत होतो.

सांगितलं पाहिजे म्हणून सांगतो, जुन्या मशीनवर ते शेवटचंच काम ठरलं. क्राउन सेव्ह केलं, बंद केलं, आणि काल सुरूच झालं नाही. पॉवर सप्लाय असेल. लॉक काढून ड्रॉवरमध्ये ठेवलंय.

तर तोच फर्मा आता क्राउनमध्ये संपादकांना पाठवला, म्हटलं बघा, अकरा मिनिटांत केलाय. इथे चूक झाली. अकरा मिनिटं हा आकडा मी त्यांना सांगायला नको होता.

आत्ता त्यांचा व्हॉइस मेसेज आलाय. क्राउन छान दिसतंय, पण एकदा रॉयलमध्ये कसं दिसेल तेही बघू या, आणि नाहीच आवडलं तर डेमी आहेच.

अक्षरवेडी | रविवार, दुपारी १.३४

काका, पैसे सांगितलेत का प्रत्येक आकाराचे?

जुळारी | रविवार, दुपारी १.३६

नाही.